साडूचं प्रेशर माझ्यापेक्षा जास्त

मला रक्तदाब उतरवायचं इंजेक्शन दिलं, तो सासरवाडीतल्या माझ्या मानाचा सर्वोच्च दिवस होता. तो मान दुपारच्या चहापर्यंत टिकला.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वडिलांकडे जमीन नव्हती, आणि सासरे शेंद्र्याकडचे चांगले बागायतदार. तरी त्यांनी केवळ माझं शिक्षण बघून आपली थोरली मुलगी, सुमन, मला दिली. हे उपकार मी कधी विसरलो नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. सातबारा वाचायचा असो, बँकेत जायचं असो, मामा म्हणायचे, "थोरल्या पाव्हण्यांना विचारा, ते शिकलेले हायेत." कित्येक वर्षं मी या एका वाक्यावर सुखात जगलो.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि दत्ता आला. माझा साडू. आयटीआय करून शेंद्र्याच्या कारखान्यात लागलेला, हसरा आणि बडबड्या. पुढं त्यानं गाडी घेतली. मी सासरवाडीला बसनं जायचो, फाट्यावर उतरायचो आणि धुळीनं माखून पोचायचो, तर मामा दत्ताच्या गाडीच्या काचा स्वतःच्या उपरण्यानं पुसत असायचे. मी त्याचा हेवा मुळीच करत नव्हतो. फक्त त्याची गाडी पंक्चर झाल्याचं कळलं की त्या दिवशी मला दोन पोळ्या जास्त जायच्या.

तर ते इंजेक्शन. रक्तदाबाच्या गोळ्या मला आधीपासून होत्या. पण छान वाटायला लागलं म्हणून मी त्या परस्पर बंद केल्या होत्या. (गोळ्यांमुळेच छान वाटत होतं, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कळलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांचं कसं होत असेल, देव जाणे!) एके दिवशी वर्गात डोकं असं ठणकायला लागलं की फळ्यावरचं माझंच अक्षर मला दिसेना. हेडमास्तरांनी रिक्षात घालून गारखेड्यातल्या एका दवाखान्यात पोचवलं. तिथं वरचा आकडा दोनशेच्या पुढं निघाला. डॉक्टरांनी ताबडतोब भरती करून घेतलं आणि सांगितलं की हे गोळीवर भागणार नाही, शिरेतून इंजेक्शन द्यावं लागेल.

इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरनी मला सगळं समजावून सांगितलं. औषध हळूहळू सोडतात. प्रेशर एकदम खाली आणायचं नसतं, टप्प्याटप्प्यानं आणायचं असतं, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडतं. दर थोड्या वेळानं मशीन लावून बघतात. डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर घाबरायचं नाही, पण सांगायचं. दम्याचा त्रास असेल तर आधी बोलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजेक्शननंतर तीन तास आडवं पडून राहायचं. उठलात तर प्रेशर एकदम पडतं आणि माणूसही पडतो.

मी हे सगळं त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सर, असे पेशंट मिळाले तर आमचं काम निम्मं होईल." मी पदवीच्या निकालानंतर इतका खूश झालो नव्हतो.

इंजेक्शन झालं, डोक्यात मुंग्या आल्या, त्या मी रीतसर कळवल्या. तेवढ्यात सुमन धावत आली. म्हणाली, आई-बाबा तुम्हाला बघायला निघालेत. आता हे वाचकांनी समजून घ्यावं. मामा शेत सोडून कुणासाठी शहरात येत नाहीत. स्वतःचा दात दुखला तेव्हाही आले नव्हते. आणि ते माझ्यासाठी येत होते! मी सुमनला माझे केस नीट करायला सांगितले.

ते आले, पण दत्ताच्या गाडीतून. तेवढं एक सोडलं तर सगळं मनासारखं होतं. मामा फेटा सावरत माझ्या कॉटपाशी स्टुलावर बसले. मामींनी शहाळं माझ्या उशाशी ठेवलं. मामींचा ठेचा सिस्टरनी दारातच अडवून ठेवला होता. मामांनी विचारलं, "पाव्हणं, कसलं इंजेक्शन म्हणायचं हे?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. मी मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. टप्प्याटप्प्यानं उतरवण्यापर्यंत आलो, तेवढ्यात पायाशी उभा असलेला दत्ता कपाळ चोळत म्हणाला, "दादा, माझं बी डोकं सकाळपासून लई दुखतंय. गाडी चालवताना समोरचं जरा अंधुकच दिसत व्हतं."

मामींनी लगेच सिस्टरना गाठलं. मशीन इथंच हाय, ह्यांचं बी बघा की. सिस्टरनी दत्ताला बसवून पट्टा लावला. एकदा बघितलं, दुसऱ्या हाताला लावून पुन्हा बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी मान वर न उचलता, डोळे शक्य तितके तिरपे करून आकडा बघितला.

माझ्यापेक्षा जास्त होता.

माणूस मला बघायला आला होता. एवढं एक दुखणं माझं स्वतःचं होतं, त्यातही तो पुढं गेला! मी सुमनच्या कानात म्हणालो की मशीन बिघडलं असेल, माझं पुन्हा बघायला सांग. ती म्हणाली, "अहो, हे काय मार्क आहेत का?"

दत्ताला माझ्या शेजारच्याच रिकाम्या कॉटवर घेतलं. त्याच्या कॉटला खिडकी होती. (माझ्या नव्हती.) त्यालाही तेच इंजेक्शन दिलं, त्याच सूचना सांगितल्या. तो "हो हो" म्हणत होता आणि खिशात वाजणारा मोबाइल चाचपत होता. मला मुंग्या आल्या होत्या तेव्हा मी शांतपणे कळवलं होतं. त्याला आल्या तर तो हसायला लागला. म्हणे गुदगुल्या होतायत. त्याच्या हसण्यानं सिस्टरपण हसल्या. माझ्या मुंग्यांना कुणी हसलं नव्हतं.

मग हळूहळू माझी कॉट ओस पडायला लागली. आधी मामी पलीकडं गेल्या. मग शहाळं गेलं, कारण "दत्ताच्या घशाला कोरड पडली." मग दत्ताला फोन आला आणि तो उठायला लागला, तेव्हा मामा उठले, स्टूल उचललं आणि सरळ त्याच्या कॉटपाशी नेऊन ठेवलं. बसले ते त्याचं मनगट हातात धरून बसले. शेंद्र्याचा तो कडक माणूस, स्वतःच्या मुलांना कधी जवळ घेतलं नसेल, आणि जावयाचा हात धरून बसला होता!

माझ्या दुसऱ्या बाजूच्या कॉटवर औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान असलेले एक चाचा होते. ते कधीपासून माझ्याकडं बघत होते.

"क्या मास्तर, उधर इत्ता क्या देखरे? लेटे रहो चुपचाप. सिस्टर क्या बोलके गई?"

मी म्हणालो, मला सगळं पाठ आहे.

चहा आला. मामांनी बशीत ओतून, फुंकर घालून दत्ताला चमच्यानं पाजला. माझा चहा सुमननं दिला, फुंकर न घालता. एवढंही मी गिळलं असतं. पण तेवढ्यात मामांनी दत्ताला विचारलं, "ह्या इंजेक्शनाचं काय पथ्यपाणी असतंय म्हणं?"

दत्ताला विचारलं! मी, थोरला, शिकलेला, सिस्टरना सगळं म्हणून दाखवलेला, दोन हातांच्या अंतरावर पडलेलो असताना! आणि दत्ता सांगत काय होता, तर "काय नाय मामा, जरा आराम करायचा आन् मग हिंडायचं फिरायचं."

हे अज्ञान मला सहन होईना. माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी पांघरूण बाजूला केलं, खाली उतरलो, दोन्ही पायांवर ताठ उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तशा आवाजात म्हणालो, "मामा, चुकीचं आहे ते. या इंजेक्शननंतर माणसानं अजिबात उठायचं नसतं."

शेवटचा शब्द मी ऐकला नाही. आधी खिडकी काळी झाली, मग दत्ता. मी पुढं कोसळलो तो मामांच्या अंगावर. त्यांनी ज्वारीचं पोतं झेलावं तसं मला झेललं आणि उचलून परत माझ्या कॉटवर टाकलं. सिस्टर धावत आल्या, पाय उंच केले, मशीन लावलं. मघाशी मला शाबासकी देणाऱ्या त्याच सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्हीसुद्धा?"

थोड्या वेळानं आकडा जागेवर आला. डोळे उघडले तर मामा माझ्या तोंडावर वाकले होते. मी कसाबसा म्हणालो, "मामा, तुम्ही त्याच्याकडंच बसला होता, म्हणून."

मामांनी माझं पांघरूण नीट केलं.

"पाव्हणं, त्यो अवली हाय. एका जागी बसत नाय, सिस्टरचं ऐकत नाय, म्हणून हात धरून बसलो व्हतो. तुम्ही शिकलेले. तुमच्यावर नजर ठेवावी लागंल, असं मला वाटलंच नाय."

इतक्या वर्षांत मामांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेव्हा ते भूतकाळात गेलेलं होतं.

ते उठले, दत्ताच्या कॉटपासचं स्टूल उचलून माझ्यापाशी आणलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. शहाळंही परत आलं. मामी, सुमन, सगळे माझ्याभोवती. दत्ता पलीकडं एकटा, अगदी शहाण्यासारखा आडवा पडून होता.

"आता हितनं हलत नाय मी," मामा म्हणाले.

हल्ली सासरवाडीत कुणालाही दवाखान्यात न्यायचं असलं, की सूचना समजून घ्यायला दत्ताला पाठवतात. मीही जातो. माझ्याबरोबर, लक्ष ठेवायला, मामी येतात.