मोठे टायर आणि लाजरा काटा

मार्केट यार्डाजवळ माझं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. गाडीचा वेग दाखवतो तो मीटर. या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. ते गाडी लावून स्वतःच आत येतात आणि वर चहा मागतात. मी फक्त त्याच दिवशी लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सगळं नाकारतं.

*

शनिवार पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी जीपला मोठे टायर बसवले. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटर मोजतो फक्त फेरे. त्यामुळे गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी. मी नव्या टायरच्या हिशेबाने मीटर जुळवून दिला. आठवड्याने गृहस्थ परत.

"अहो, तुम्ही हात लावल्यापासून गाडी मंद झालीये. पूर्वी साठवर कशी सुसाट जायची."

"गाडी तीच आहे, काका. काटा आता खरं सांगतो."

"आणि त्याचे आपण पैसे घेतलेत?"

*

मांजरी गावच्या आप्पांचा भाजीचा ट्रक आहे. शेजाऱ्याचा ट्रक आपल्यापेक्षा उंच दिसतो, एवढ्याच कारणावरून आप्पांनी मोठे टायर घातले. पुढच्या महिन्यात वेगाची दोन चलानं आली.

ड्रायव्हर रफीक म्हणाला, "मालक, शपथेवर सांगतो, काटा साठाच्या वर गेला नाही."

"मग काय क्यामेरा येडा हाय? तिसरं चलान आलं, की किल्ली ठेवायची आन् घरी जायचं."

रफीक आप्पांकडे बारा वर्षं आहे. बायकोच्या आजारपणात त्याला दुसरी नोकरी शोधायला सवड नव्हती. तो आप्पांना घेऊन तडक माझ्याकडे आला.

*

मी आप्पांना चाकाचे फेरे समजावले. चहाच्या बशीवर एकदा आणि ताटलीवर एकदा. आप्पा मन लावून ऐकत होते.

"म्हंजी गाडी शंभर किलोमीटर पळली, तरी मीटरवर नव्वदच पडत्यात?"

"साधारण तसंच."

"मग इकताना गाडी कमी पळलेली दिसंल की! राहू द्या. हात लावू नका."

रफीकने ताटलीकडे असं पाहिलं, की मी ती उचलून आत ठेवली.

*

तरी मी आप्पांना एक फेरी मारायला लावली. रफीक चालवतोय, मधे आप्पा, कडेला मी फोन धरून. काट्यावर साठ, फोनवर सहासष्ट.

आप्पांनी दोन्हीकडे आलटून पालटून पाहिलं.

"फोन तुमचाच हाय न्हवं?"

"हो."

"मग तो तुमच्याच बाजूनं बोलणार."

*

त्यानंतर रफीकने स्वतःपुरता उपाय काढला. काटा पंचेचाळीसच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मागून येणारे हॉर्न वाजवून दमले. भाजी उशिरा पोचायला लागली, तसे आप्पा यार्डाच्या गेटवर उभे राहायला लागले.

"मेथी उतरून चालत आली असती, तर आधी पोचली असती!"

"मालक, मेथीला चलान येत नाही," रफीक म्हणाला.

*

आणि तिसरं चलान आलंच.

आप्पा रफीकला घेऊन दुकानात आले. म्हणाले, "साक्षीदार असलेला बरा. ठेव किल्ली."

रफीकने किल्ली काउंटरवर ठेवली. बोटं मात्र किल्लीवरून लगेच निघाली नाहीत.

मी म्हटलं, "आप्पा, फोटो तरी बघू."

आप्पांनी मोबाइल पुढे केला. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ट्रकच्या काचेमागे, स्टिअरिंगवर, एक पांढरी गांधी टोपी. टोपीखाली भरघोस मिशी.

रफीकला मिशी नाही. टोपी तर तो घालतच नाही.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फोटोत कुणीबी कसंबी दिसतं."

"मालक, तारीख बघा. त्या दिवशी ईद होती," रफीक शांतपणे म्हणाला. "मी सुट्टीवर होतो. शीरखुर्म्याचा डबा घेऊन तुमच्या घरी आलो, तर काकू म्हणाल्या, आज हे स्वतःच गाडी घेऊन यार्डात गेलेत."

आप्पांनी काउंटरवरची किल्ली बोटाने हळूच रफीककडे सरकवली.

"शीरखुर्मा बरा झाला हुता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"बरं, ते काट्याचं काय म्हणत हुता तुम्ही?"