डावीकडची सीट

बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही. आधीच सांगून टाकते, कारण हे कोणी ना कोणी विचारतंच. मी चहा करत होते, फोन घेत होते, आल्यागेल्याला सतरंजी टाकून देत होते. आत मात्र काही म्हणजे काही हलत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल असतो ना, तशी मी सगळीच होते.

दुसऱ्या दिवशी शोरूममधून फोन आला. "मॅडम, बधाई हो! आपकी गाड़ी आ गई है." मी म्हणाले, थँक यू.

गाडी माझ्या नावावर होती, पण निवडलेली बाबांनी. आटोपशीर हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. पलासिया चौकाच्या ट्रॅफिकमध्ये सहज वळेल एवढी लहान, आणि तरी आत सात जागा. घरात आम्ही तिघं. मी एकुलती एक, आणि लग्नाचं म्हणाल तर तो विषय बाबांनीच बंद केला होता. पण सात जागा हव्यातच, का तर कधी कोणी आलंच तर! कोण येणार होतं देव जाणे.

बिजली ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. खरा जीव जडला तो बॅटरीवर. ब्रेक लावला, उतारावर सोडली, की ही आपली आपण भरते, हे त्यांचं दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना समजावून झालं होतं. आईला म्हणाले, "तू गॅस बंद करून शेवटची पोळी तव्याच्या उरलेल्या गरमीवर भाजतेस की नाही? बस, तसंच."

"मग यात नवीन काय?" आई म्हणाली. "मी तर लग्नापासून करतेय."

बाबांना ऐकू कमी यायचं आणि मशीन लावायचं नाही, हा हट्ट. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्याने थोडंफार. शोरूममध्ये तो सेल्समन जे बोलायचा, ते आई बाबांच्या उजव्या कानाशी वाकून जोरात परत सांगायची. सगळं शोरूम आमच्याकडे बघत होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाबा तिथल्या गाडीत मधल्या रांगेत डावीकडच्या सीटवर बसून बघत होते. उठले, पुन्हा बसले. म्हणाले, "ही माझी. इथून उजवा कान हिच्याकडे राहतो."

मग वेटिंग सुरू झालं आणि ते काही संपेना. बाबांचा रोज एकच घोष. गाडी आली की सिमरोलच्या पुढचा घाट उतरायचा, नर्मदेवर जायचं, आणि उतारावर बॅटरी खरंच भरते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग एका सकाळी चहा अर्धा ठेवून ते खुर्चीतच गेले.

अस्थी नर्मदेवरच न्यायच्या होत्या. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, गाडीचं ऐकून उखडलीच. "सूतकात नवी गाडी कोन आणतं बरं? आधी पूजा, मग देवदर्शन, मग बाकी सगळं. आणि पहिली सवारी अस्थींची? टॅक्सी कर ना सीधी!" शोरूमवाले म्हणत होते, या आठवड्यात नेली नाही तर गाडी यादीतल्या पुढच्याला जाईल. मला दोन्ही सारखंच होतं. जाते तर जाऊ दे.

तीन दिवस आई भिंतीला टेकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "गाडी आण. पहिले ते बसतील."

"वहिनी, लोग क्या कहेंगे?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मीपण जाणार आहे."

मी एकटीच जाऊन गाडी आणली. पूजा नको म्हटलं, तर त्यांना वाटलं मॅडम मॉडर्न आहेत. वडील गेलेत हे सांगितलं नाही. उगाच त्या पोरांना कसंतरी झालं असतं. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात दिली, "थोड़ा स्माइल, मॅडम" म्हणाले. मी स्माइल दिलं. तो फोटो अजून आहे, आणि मी त्यात छान दिसतेय. मला स्वतःची किळस येते तो बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानेच पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. मुक्तिधामातून लाल कापडात बांधलेला अस्थींचा कलश घेतला. आईने डावीकडच्या सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं, कलश ठेवला, त्याला बेल्ट लावला आणि स्वतः उजवीकडे बसली. समोरच्या स्क्रीनवर कोण कुठे बसलंय ते दिसतं. पुढे मी, मागे आई. डावी सीट रिकामी दाखवत होती. एवढ्या वजनाने गाडीला काही कळत नाही.

सिमरोल गेलं, घाट लागला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडे हिरवा बाण धावू लागला आणि एकेक घर भरत गेलं. बाबा म्हणाले होते तस्संच. मी ते बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं.

"भरतेय का गं?" आईने मागून विचारलं.

"भरतेय."

आरशात आई डावीकडे वाकलेली दिसली. कलशाच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती जोरात, पार शोरूममध्ये ओरडायची तशी ओरडली, "अहो, भरतेय म्हणते ही! भरतेय!"

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं काही दिसत नव्हतं.