नायक शेवटी बोलतो

यवतमाळच्या त्या हॉलमध्ये आम्ही पोरं-पोरी गोल करून बसलो होतो, आणि माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. आता मला त्याचं हसू येतं. त्या दिवशी मात्र परतीच्या एसटीत मी दातओठ खात बसले होते, आणि शेजारी आमच्या शाळेच्या मॅडम खिडकीकडे तोंड करून. आर्णी येईस्तोवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

"काय व, तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?" शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. "महिनाभर दिल्ली दिल्ली करून माहं डोकं खाल्लं, अन् तिथं बसली मुकी होऊन!"

डोकं खाल्लं होतं हे खरंच. एका संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी नेतृत्वाचा दौरा काढला होता. जिल्ह्यातली निवडक मुलं दिल्लीला जाणार, संसद पाहणार, मोठ्या लोकांपुढे उभं राहून आपल्या गावाबद्दल बोलणार. मी अकरावीला होते आणि तोवर मी पाहिलेलं सगळ्यात मोठं शहर यवतमाळ. दौऱ्याची सूचना फळ्यावर लागली त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. निवडीसाठी गटचर्चा होती, विषय दिला होता गावातलं पाणी. बाप्पा! पाण्यावर मी काय बोलले नसते? उन्हाळ्यात आमच्या तांड्याच्या हातपंपावर पहाटे रांग लावणारी मीच होते.

"मी माह्या पाळीची वाट पाहत होती, मॅडम."

"पाळी? कोण देईन तुले पाळी? रेशनचं दुकान आहे काय ते?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आमचा बंजाऱ्यांचा तांडा महागावपासून थोडा आत आहे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आम्ही कापूस आणि सोयाबीन पेरतो. माझे आजोबा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. आमच्या बोलीत आजोबाला दादा म्हणतात. तांड्यात काही भानगड झाली, काही ठरवायचं असलं की देवळापुढच्या कडुलिंबाखाली बैठक बसते. जो तो बोलतो, बाया बोलतात, पिऊन आलेलाही बोलतो. दादा गप्प. सगळ्यांचं झालं की मग ते प्रत्येकाचं बोलणं परत सांगतात. हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. ज्याचं त्याचं बोलणं ज्यानं त्यानं मान हलवून कबूल केलं, की त्यानंतर आपला शब्द. मग ते उठतात, आणि नायक उठला की बैठक मोडते. लहानपणापासून मी त्यांच्या गुडघ्याला टेकून हे पाहिलेलं. पुढारी म्हणजे शेवटी बोलणारा, हे माझ्या हाडात गेलं होतं. यवतमाळच्या हॉलमध्ये मी एकेका पोराचं बोलणं नीट ऐकलं, मनात पाठ केलं. आता सगळ्यांचं झालं की मी बोलणार, म्हणून पदर खोचून तयार बसले, आणि घंटी वाजली.

मॅडम इतक्या हसल्या की कंडक्टर वळून पाहायला लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, तुहं काही चुकलं नाही. पण लिंबाखाली घंटी नसते, अन् तिकडं असते. तुले मधात घुसता आलं पाह्यजे."

मला राग आला. घुसायचं कशाला? घुसतात ती ढोरं, तीही कुंपण मोडकं असलं तर. पण दिल्लीला जायचंच होतं. लिहून दिलेला अर्ज आवडला म्हणून मला राखीव मुलांत ठेवलं होतं, आणि पुढच्या महिन्यात निवडलेल्यातलं कोणीतरी गळालं. एका जागेसाठी राखीव मुलांची पुन्हा गटचर्चा होणार होती. मी ठरवलं, घुसायला शिकायचं. सरावाला माणूस घरातच होतं, माझी काकी.

काकी बोलायला लागली की आमची कुत्रीसुद्धा अंग चोरून झोपतात. कापूस वेचायला आम्ही एका ओळीनं लागायचो, आणि काकीचं सुरू व्हायचं, ते शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत पोचून परत फिरलो तरी संपत नसे. तिला आजवर कोणी मध्येच तोडलं नव्हतं. काकानं लग्नानंतर एकदा प्रयत्न केला होता म्हणतात, पण तो विषय घरात निघत नाही.

मॅडमनी सांगितलं होतं, समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहू नको, तो श्वास घेतो तिथं घुस. काकी श्वास कुठे घेते हे शोधण्यात माझे कितीतरी दिवस गेले. "पण काकी," म्हटलं की ती आवाज चढवायची आणि माझा 'पण' तिच्या बोलण्याखाली चिरडून जायचा. याडी, म्हणजे माझी आई, खाली मान घालून कापूस वेचायची. हसते आहे हे तिच्या खांद्यांवरून कळायचं.

एक दिवस काकी आपल्या माहेरच्या लग्नातल्या भांडणाचं सांगत होती. मी ते भांडण एवढ्यांदा ऐकलं होतं की मला तिचे श्वाससुद्धा पाठ झाले होते. नवरदेवाचा मामा रुसून मांडवाबाहेर जातो तिथे ती थांबते.

"थांब काकी. आता माहं ऐक!"

काकी खरंच थांबली. हात बोंडातच राहिला. "अवं माय! हे पोरगी मले थांबवते?" मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण संध्याकाळपर्यंत तिनंच सगळ्या तांड्याला सांगितलं, आणि तेही असं, की जणू मी पहिल्या नंबरानं पास झाले आहे. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच माझ्या मागे लागली. भाकरी थापता थापता म्हणायची, "मी बोलून राह्यली. तोड मले." मी तोडायची. "असं नाही, अजून जोरानं तोड." माझा घसा बसला, पण भीड गेली.

यवतमाळला पुन्हा गेले तेव्हा ढाणकीची एक पोरगी माझ्या शेजारी होती, मेकॅनिकची मुलगी, बोलायला तरतरीत. तिसऱ्याच वाक्याला ती श्वास घ्यायला थांबली आणि मी घुसले. मग मागे वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "क्या गे, तू तो लई भांडकुदळ निकली!" मी म्हटलं, मेहनत केली आहे त्यासाठी. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला की जागा माझी, फक्त घरच्यांची परवानगी आण.

मला वाटलं होतं, झालं. बा महागावपर्यंत ऑटो चालवतो, त्याला मी ऑटोतच सांगितलं. त्याच्या तोंडावर आनंद मावेना, पण लगेच तो आवरला. "दादाले इचार," म्हणाला.

दादा अंगणात खाटेवर बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बैठकीत बोलू."

माझे कान तापले. "कायले बैठक? मी तुमची नात आहे. तुम्ही हो म्हटलं की झालं."

"दुसऱ्याच्या पोरीसाठी बैठक, अन् आपल्या पोरीसाठी नाही? मंग मी नायक कायचा?"

 मी पाय आपटत आत गेले.

रविवारी सकाळी लिंबाखाली बैठक बसली. दादा मध्ये, माणसं भोवती, बाया देवळाच्या ओट्यावर, आणि मी काकी-याडीच्या मधे. काकानं सुरुवात केली. आमच्या बोलीत तो म्हणाला ते मराठीत असं: "शिकायले आमची ना नाही. शाळा तं जवळच, महागावातली, पोरगी सांजच्याले घरी येते. पण हे एवढ्या दूर, आठ दिस, एकटी पोरगी..."

तो श्वास घ्यायला थांबला. आणि देवाशपथ, मी काही ठरवलं नव्हतं, माझी जीभच तयार होती.

"पण काका, एकटी कुठं? मॅडम आहेत, अजून पोरी आहेत, आणि तुम्ही कधी दिल्ली पाहिली का?"

 कोणीतरी खोकललं. काका माझ्याकडे वळलासुद्धा नाही, तो दादांकडे वळला. "पाहा. अजून गेली नाही तं अशी बोलून राह्यली. तिकडून आल्यावर काय करन?" भोवतीच्या माना हलल्या. कालपर्यंत कौतुक करणारी माणसंही इकडेतिकडे पाहायला लागली. तिथे मला घंटी नडली आणि इथे लिंब. एवढी मेहनत करून मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता. दिल्ली गेली, असं मला स्पष्ट दिसलं आणि रडू आलं. 

आता गप्प बसण्यावाचून काही उरलं नव्हतं, म्हणून मी ऐकत राहिले. काका म्हणाला, "आपण ऊस तोडायले गेलो तं सगळे संग गेलो, लेकरं-बाळं, कोंबड्या घेऊन गेलो. एकटं माणूस तांडा सोडून कधी गेलं नाही." हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होते त्याला बायकांचं शिकणं खुपतं. शेजारचा म्हातारा म्हणाला, हिला तिकडचं अन्न सोसणार नाही. कोणी म्हणालं, हिला पाठवलं तर उद्या आमच्या पोरीही मागतील. दुसरा म्हणाला, मागू दे की. याडी बैठकीत कधी बोलत नाही. ती खाली पाहूनच म्हणाली, "माहेर अन् सासर, मी एवढंच पाह्यलं. हिनं पाहावं." आणि माझी काकी, जिला बोलायला वर्ष पुरत नाही, तिनं एकच सांगितलं, "हिले रातच्याले उठून पाणी लागते. तिथं कोणाले मांगन हे?" लोक हसले. मला हसता आलं नाही.

सगळ्यांचं झालं. आता दादांनी एकेकाचं बोलणं परत सांगायचं होतं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"मले भेव वाटते," दादा म्हणाले. "पोरगी दूर जाऊन राह्यली. माहं मन नाही म्हणते. हे माहं बोलणं झालं."

आणि ते थांबले. कोणाचं काही परत सांगितलं नाही. उठलेही नाहीत. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. नायक चारचौघांसारखा आपल्या पाळीनं बोलून मोकळा झाला होता, मग शेवटी बोलणार कोण? असं आमच्या तांड्यात कधी झालं नव्हतं. काकानं विचारलं, "मंग ठरलं काय?"

"कायचं ठरलं? सगळ्याईचं अजून झालं नाही," दादा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणी राह्यलं का?"

 मी ओट्यावरून उतरून पुढे गेले. घुसायला जागा शोधायची गरज नव्हती, सगळी जागा माझ्यासाठी मोकळी केलेली होती, आणि त्यानंच जास्त धडकी भरली. मी सुरुवात केली. काका म्हणतात, आपण गेलो तेव्हा सगळे संग गेलो, एकटं कोणी गेलं नाही. मी थांबले. काकानं जमिनीकडे पाहतच मान हलवली. म्हाताऱ्याचं अन्नाचं सांगितलं, त्यानं हलवली. उद्या इतर पोरी मागतील म्हणणाऱ्याचं सांगितलं, आणि मागू दे म्हणणाऱ्याचंही. याडीचं सांगितलं. काकीचं पाणी सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून जोरजोरात मान हलवत होती. एकाचंही मी सोडलं नाही. मग दादांचं आलं. तांड्याच्या नायकाला भीती वाटते, हे सगळ्यांदेखत त्यांच्या नातीनं कसं म्हणायचं? पण सोडता येत नव्हतं. "दादा म्हणतात, त्यांना भेव वाटते. त्यांचं मन नाही म्हणते." दादांनी मान हलवली.

आता माझा शब्द राहिला होता.

"मं जारीचू," मी म्हटलं. मी जाते आहे. जाऊ का, असं मी विचारलं नाही.

 दादा काठी टेकवून हळूच उठले आणि बैठक मोडली. लोक कपडे झटकत उठायला लागले. जाता जाता दादा माझ्याजवळ थांबले.

"सगळं बरोबर सांगतलं तू," ते म्हणाले. "पण माहं भेव सांगतांना तुहा आवाज दबला. दिल्लीत दबू देजो नको."