पिकअपवरचा आवाज

केंदूरच्या चांगदेवाची धाकटी अपेक्षा सतरा वर्षांची. आई दम्यानं बसून, आणि बापाचं तोंड कुणापुढं उघडत नाही, म्हणून घर तिच्याच अंगावर पडलेलं. थोरली शितल नदीपल्याड केडगावला दिलेली. तिथं सासू तिला तापल्या उलथन्यानं चटके द्यायची. दिवाळीला आली तेव्हा तिची पाठ चोळताना अपेक्षानं ते पाहिलं. त्या दिवसापासून तिनं मनाशी एकच धरलं, ताईला घरी आणायचं.

बाप म्हणायचा, आणू. पण नांदती लेक सोडवायला वजनाचा माणूस लागतो, आणि भावकीत तसा एकच, हौसराव.

हौसरावांचं त्या साली निराळंच चाललं होतं. सरपंचपद बाईला राखीव पडलं, म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं. फ्लेक्सवर बानूबाई हात जोडून उभ्या, आणि त्यांच्या डोक्यावर हौसराव दुप्पट मोठे. बानूबाईंना तो फ्लेक्स बघायलासुद्धा कुणी नेलं नाही. विरोधात उभी होती सुषमा. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली, शेवंती लावून एकटीनं पोट भरणारी. सुट्टीत अपेक्षा तिच्याकडं फुलं तोडायला जायची, आणि सुषमा डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवायची.

देवळात हौसरावांच्या पॅनलची बैठक बसली. मधोमध देवाच्या हळदीचं, भंडाऱ्याचं ताट. ज्याला मत त्यानं भंडारा उचलायचा आणि फुटणार नाही म्हणून शपथ घ्यायची. अपेक्षाला मत नव्हतं, तिच्यापुढं ताट आलंच नाही. आला तो माईक. शाळेत भाषणाला तिचा नंबर ठरलेला असायचा. हौसरावांनी शब्द दिला, एवढं बोल, गुलाल पडला की गाडी घेऊन केडगावला जाऊ आणि शितलला घेऊन येऊ.

काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा पोर अडखळली.

"आप्पा, हे सुषमाताईला लागंल."

"लागावं म्हणूनच हाय," हौसराव म्हणाले. "तू कशाला भितीस? तुला मत न्हाई, तुझ्यावर केस न्हाई. बाप्यानं म्हटलं तर पोलीस येत्यात, पोरीनं म्हटलं तर तो प्रचार."

अपेक्षाला ते पटलं. भंडारा उचलला नाही, मत नाही, म्हणजे बोलल्याचा दोषही आपल्याकडं येत नाही, असा तिनं हिशेब लावला. डोळ्यांपुढं ताईची पाठ आणली आणि बोलली, "जिला एका घरात नांदता आलं न्हाई, ती गाव काय चालवणार?"

ते रेकॉर्ड करून मागं हलगी जोडली, पिकअपला कर्णे बांधले आणि गाडी गावभर फिरली. सुषमाच्या बांधाला तर मुद्दाम थांबायची. पोरांनी ते स्टेटसला लावलं. पलीकडचेही काही सोवळे नव्हते. बानूबाईंच्या काळ्या रंगावर त्यांनी गाणं केलं होतं. निवडणूक दोन बायकांची, आणि जिभा धुऊन घेतल्या बाप्यांनी.

गिरणीत सुषमा भेटली. अपेक्षानं मान खाली घातली.

"आवाज चांगला हाय तुझा," सुषमा म्हणाली आणि पिठाचा डबा उचलून गेली. फुलं तोडायला तिनं पुन्हा बोलावलं नाही.

बानूबाई निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी अपेक्षा ठेवणीतला ड्रेस घालून हौसरावांच्या ओट्यावर जाऊन बसली. गाडी दारातच होती.

"दम धर जरा," हौसराव म्हणाले. "कालपातुर आपुन काय म्हणत हुतो? आन् आज आपलीच पोर नांदायची सोडून आणली, तर तीच कॅसेट आपल्या दारात वाजंल. तू बोललीस ते खरंच हाय की. बाईनं नांदावं."

तिनं संगं आलेल्या बापाकडं पाहिलं. बापानं मान डोलावली.

तिनं केडगावला फोन लावला. शितल हळू आवाजात म्हणाली, ते प्रचाराचं सासूबाईंच्या मोबाइलवर आलंय, भाकऱ्या थापताना मला लावून दाखवतात, तुझ्या माहेरचंच म्हणणं हाय म्हणतात.

"आवाज तुझाच हाय ना गं?"

"व्हय ताई."

त्यानंतर शितलनं तिचा फोन उचलला नाही.

दुसऱ्या साली झेडपीची निवडणूक लागली, तोवर अपेक्षाला अठरा पूर्ण झाली आणि मतदानाचं कार्ड आलं. हौसराव आता सुषमाच्या पॅनलच्या पुढाऱ्यासंगं एकाच गाडीत फिरत होते. देवळात परत ताट मांडलं, दोन्हीकडचे बाप्ये एका सतरंजीवर. सुषमाला कुणी बोलावलंच नव्हतं. या वेळी ताट अपेक्षापुढंही आलं.

"उचल," हौसराव म्हणाले. "आता तू जबाबदार झालीस."

"ताईला कवा आणायचं, आप्पा?"

सतरंजीवर हशा पिकला. तिनं हात मागं घेतला. तेव्हा शेजारी बसलेल्या बापानं तिचं मनगट धरलं आणि हात ताटात दाबला. बोटं पिवळी झाली.

"झालं," हौसराव म्हणाले. "ताट फुडं सरकवा."