सतरा नंबरचा ठसा

आमच्या गल्लीत त्यांना सगळे तपासनीसबाई म्हणतात. खरं नाव त्यांच्या नवऱ्याला आणि मतदारयादीला ठाऊक असेल. दूध आलं की भांडं उजेडात धरून बघणार, इस्त्रीचे कपडे आले की दारातच गुंड्या मोजणार. एकदा मी त्यांच्याकडून वाचायला नेलेलं वर्तमानपत्र परत दिलं, तर बाईंनी माझ्यासमोर पानं मोजली. एक पान कमी निघालं हे खरं, पण म्हणून काय माणसाच्या तोंडावर मोजायची?

हे पुढचं सगळं मला कसं कळलं, असं विचारू नका. त्यांच्या यजमानांचं कोपऱ्यावर सलून आहे. गालाला साबण लागला की गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, आणि त्या गृहस्थांना घरी बोलता येत नाही. मग ते सलूनमध्ये बोलतात आणि मी ऐकतो. हल्ली मी दर दिवसाआड दाढी करतो ती काही रुबाबासाठी नाही.

तर बाई अठरा वर्षं गॅसचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होत्या. काम सांगायला सोपं. रेग्युलेटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आतून हवा सोडायची आणि डोळे रोखून बघायचं. बुडबुडा आला की माल परत. नाही आला की पुसायचा आणि बुडाला आपल्या नंबरचा ठसा हातोडीने ठोकायचा. बाईंचा नंबर सतरा. ठसा म्हणजे करंगळीएवढी पोलादी कांडी, पण तिचा धाक मोठा. उद्या कुणाच्या स्वयंपाकघरात गॅस गळला, तर रेग्युलेटर उलटा करून आधी नंबर बघतात, मग माणूस शोधतात. त्यामुळे बाई जेवायला जाताना ठसा कमरेला खोचून नेत. शेजारच्या टाकीवरची मैत्रीण म्हणायची, "ताई, सोन्याचा आहे का हो?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "सोन्याचा असता तर इथे ठेवला असता."

अठरा वर्षं पाण्यात हात घालून बोटांची सालं निघायला लागली. भेगा पडल्या, रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, मलम मी देईन, पण पाणी तुम्हालाच सोडावं लागेल. नशिबाने दवाखान्यांसाठी दाबमापकं बनवणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात तपासणीची जागा निघाली. कोरडं टेबल, बसायला खुर्ची. त्यांनी नेमणुकीचं पत्र दिलं, त्यात अट एकच: एक तारखेच्या आत जुन्या ठिकाणाहून मोकळं झाल्याचा कागद हवा, आणि तो पंधरा तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे.

बाईंनी महिनाअखेरीस जुनं काम सोडलं. बारा तारखेला टपालाने कागद आला. बाईंनी पाकीट उजेडाकडे धरलं, मागचा डिंक नखाने तपासला आणि दोन साक्षीदार बोलावून मग फोडलं. साक्षीदार म्हणजे त्यांचे यजमान आणि मी. मी गॅलरीत आयताच उभा होतो.

वर छापलेलं होतं, सेवामुक्ती पत्र. खाली शेवटच्या दिवसाची जागा कोरी, आणि शेऱ्यात निळ्या शाईने लिहिलेलं: "तपासणी ठसा क्रमांक १७ जमा नाही. कर्मचारी आजपावेतो सेवेत आहे."

यजमान म्हणाले, "म्हणजे तू अजून तिथेच आहेस की."

"मी इथे तुमच्यासमोर उभी आहे."

"ते मला दिसतंय गं. कागदाला दिसायला हवं."

बाईंनी कपाटातून पावती काढली. शेवटच्या दिवशी स्टोअरच्या काकांनी दिलेली, खाली सही, तारीख, शिक्का. "हे बघा. मी जमा केल्याशिवाय त्यांनी पावती दिली का?" असं म्हणून ती घडी घालून परत पर्समध्ये ठेवली. मला ती नीट वाचायची होती, पण बाईंच्या हातातला कागद वाचायचा म्हणजे आधी अर्ज करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या तो कागद घेऊन नव्या कारखान्यात गेल्या. तिथले अधिकारी सभ्य गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाई, एका वेळी दोन कारखान्यांत कशा काम करणार तुम्ही? पंधरापर्यंत दुरुस्त करून आणा. नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलवावं लागेल. माझा इलाज नाही."

परत येईपर्यंत बाईंच्या मनात गुन्हेगारांची यादी तयार झाली होती. पहिला नंबर जुन्या सुपरवायझरचा. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी निरोप देताना तो हसून म्हणाला होता, "करमलं नाही तर परत या." अठरा वर्षांत जो माणूस कधी हसला नाही तो त्या दिवशी का हसला? दुसरा नंबर त्या मैत्रिणीचा. बाईंच्या जागेवर आता ती बसत होती. आणि ठसा जमाच नसेल, तर तो कुणाच्या तरी हातात असणार. म्हणजे बाई घरी बसल्यात आणि त्यांच्या नावाने कुणीतरी गळके रेग्युलेटर पास करतंय.

हा विचार आला आणि बाईंचा चहा गार झाला. यजमान सांगतात, लग्नाला बावीस वर्षं झाली, चहा गार झालेला पहिल्यांदाच बघितला.

संध्याकाळी नवरा-बायको शेगडी दुरुस्तीच्या दुकानात गेले. बाईंनी काउंटरवरचा एकेक रेग्युलेटर उलटा करायला सुरुवात केली. दुकानदार आधी कौतुकाने बघत होता, मग घाबरला.

"वहिनी, नक्की काय हवंय?"

"सतरा नंबर."

"तो मोठा येतो का?" दुकानदाराने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

अकरा रेग्युलेटरांवर सतरा निघाला. बाईंनी प्रत्येक ठसा खिडकीशी नेऊन बघितला. त्यांची हातोडी जरा डावीकडे कलते, त्यामुळे साताची शेपटी नेहमी उथळ उमटते. अकराच्या अकरा शेपट्या उथळ होत्या. सगळे त्यांच्याच हातचे.

"चला, कुणी वापरत नाहीये," यजमान म्हणाले. "सुटलो."

"सुटलो काय? वापरत नाहीत म्हणजे लपवून ठेवलाय."

आता ह्यावर कुठला नवरा काय बोलणार? त्यांनी दुकानदाराची माफी मागितली आणि नको असताना एक रबरी नळी विकत घेतली.

चौदा तारखेला सकाळी बाई जुन्या कारखान्यात गेल्या. सोबत यजमान, कारण साक्षीदार हवाच. पहारेकऱ्याने ओळखीने हात केला तर बाई यजमानांच्या कानात म्हणाल्या, "बघा, ह्यालाही माहीत आहे." स्टोअरच्या वाटेवर ती मैत्रीण भेटली. ओले हात ॲप्रनला पुसत तिने विचारलं, "ताई, बोटं कशी आहेत आता?" बाईंनी आधी तिचा ठसा बघितला. तेवीस नंबर होता. मग सांगितलं, "बरी आहेत."

कार्यालयातला कारकून त्यांना घेऊन स्टोअरच्या खिडकीशी आला. आत काका. दोन महिन्यांनी निवृत्त होणार, कानावर पेन्सिल, स्वभावाने इतके सरळ की नियमाच्या पुस्तकात दुमड पडली तरी त्यांना वाईट वाटावं. बाईंनी पावती काचेवर आपटली.

"ही सही कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"मग ठसा जमा नाही असं तुम्ही कुठल्या तोंडाने कळवलंत?"

"बाई, मी ठशाची पावती दिलेली नाही. वाचा ना."

बाईंनी वाचली. यजमानांनी खांद्यावरून वाचली. पावतीवर लिहिलं होतं, "एक बंद पाकीट मिळाले." अठरा वर्षं बारीकशा बुडबुड्यावर नजर ठेवणाऱ्या बाईंनी स्वतःची पावती मात्र सही आणि शिक्का बघून पास केली होती.

काकांनी कपाट उघडलं आणि पाकीट आणून ठेवलं. जाड खाकी पाकीट, त्यावर तीन आडव्या आणि दोन उभ्या चिकटपट्ट्या, प्रत्येक जोडावर बाईंची सही. वर ठसठशीत अक्षरात: "माझ्यासमक्षच उघडावे. मी नसताना कोणीही हात लावू नये."

बाईंनी सह्या मोजल्या. यजमानांना एकदम खोकला आला आणि ते खिडकीपासून जरा लांब गेले.

झालं होतं असं. ठसा परत घेताना सुपरवायझर आणि स्टोअर, दोघांनी मिळून तो शिशाच्या पत्र्यावर ठोकून बघायचा, जुन्या नमुन्याशी जुळवायचा आणि मगच जमा धरायचा, असा तिथला नियम. शेवटच्या दिवशी सुपरवायझर बाहेरगावी. ठसा एक रात्र काकांच्या ताब्यात उघडा ठेवायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी पाकीट मागितलं, चिकटपट्टी मागितली आणि अर्धा तास खपून त्याला अगदी जखडून टाकलं.

"अहो, मग उघडायचंत ना," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता.

"कसं उघडणार? तुम्ही लिहिलंय ना, तुमच्यासमक्ष. मी रोज वाट बघत होतो. एकदा सुपरवायझरसाहेब म्हणाले, फोडा. मी म्हटलं, त्या बाई माझ्यावर फिर्याद करतील."

"केली असती," लांबून यजमान म्हणाले.

सुपरवायझरला बोलावलं. चिकटपट्ट्या कापायलाच पाच मिनिटं लागली. ठसा ठोकला, जुळला, उथळ शेपटीसकट. कारकुनाने वही पुढे ओढली आणि म्हणाला, "चला, आजच्या तारखेला सेवामुक्त करतो."

"आजच्या नको," बाई म्हणाल्या. "माझ्या पत्रात एक तारखेच्या आत म्हटलंय. आजची तारीख पडली तर ती जागा गेली."

"वहीत जमा आज होतोय, तर मी मागची तारीख कशी घालू? पाकीट त्या दिवशी आलं होतं, पण ते उघडलं का नाही, ह्याचं कारण कुणीतरी लिहून द्यायला हवं."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "माझ्या नावावर लिहा. उघडायचं राहून गेलं. शेरा मारायचा तर मारा, दोन महिन्यांनी मी घरीच बसणार आहे."

आता दुसरी कुणी बाई असती तर पाया पडली असती. आमच्या बाईंनी डोळे बारीक केले. "तुम्ही का आपल्या अंगावर घेता? तुमचा काय फायदा ह्यात?"

"फायदा एवढाच की तुम्ही पुन्हा इथे येणार नाही."

सुपरवायझर हसला. अठरा वर्षांत दुसऱ्यांदा. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कारकुनाला विचारलं, "आणि कारण मी लिहून दिलं तर?"

"तरी चालेल. पण तो कागद पत्राला जोडला जाईल. नवे लोक वाचतील. ते काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही."

यजमान जवळ येऊन हळूच म्हणाले, "अगं, काका देताहेत तर लिहू दे ना. त्यांचं काही बिघडत नाही. तुझी बोटं बघ."

बाईंनी बोटांकडे बघितलं. मग टाकीवरून येणाऱ्या पाण्याच्या आवाजाकडे कान दिला. यजमान म्हणतात, त्या बाकावर इतका वेळ बसल्या की कारकून दुसरं काम काढून बसला. अखेर त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं: "ठसा मी त्याच दिवशी दिला होता. पाकीट मी स्वतः बंद केले व माझ्यासमक्ष उघडण्याची अट मी घातली. पावती न वाचता घेतली. स्टोअरच्या काकांकडून कोणतीही चूक झालेली नाही." खाली सही. लिहून झाल्यावर काकांना म्हणाल्या, "वाचून घ्या. पूर्ण वाचा." काकांनी दोनदा वाचला. नंतर कारकुनाने दिलेल्या नव्या पत्रावरची महिनाअखेरची तारीख बाईंनी वाचली, स्वतःचं नाव वाचलं, कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि मगच पर्समध्ये टाकलं.

पंधराला त्या नव्या अधिकाऱ्यांसमोर बसल्या. त्यांनी आधी पत्र वाचलं, मग जोडलेला कागद. तो वाचायला त्यांना जास्त वेळ लागला. बाई त्यांच्या भुवया बघत होत्या, टाकीत बुडबुडा शोधत तशा.

"तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही का?" त्यांनी विचारलं.

"ठेवते की. तपासून झाल्यावर."

अधिकाऱ्यांनी कागद फायलीत लावला आणि म्हणाले, "सोमवारी आठला या."

बाई उठल्या नाहीत. "कागद मिळाल्याची पोच द्या," म्हणाल्या. आणि ह्या खेपेस ती पोच तिथेच बसून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

आता महिना होत आला. बोटांच्या भेगा भरताहेत, हे मी स्वतः बघितलं. दुधाचं भांडं उजेडात धरलेलं असतं तेव्हा दिसतं. परवा यजमानांनी माझ्या हनुवटीवर वस्तरा धरून सांगितलं, की बाई अधूनमधून विचारात पडतात. एकदा जेवताना म्हणाल्या, "काका माझ्यासाठी शेरा घ्यायला तयार झाले. का झाले असतील हो?"

"चांगला माणूस असेल," यजमान म्हणाले.

"तसंच दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आपण दोघं जाऊन येऊ. एकदा नीट बघते."