शेरीफची कोठडी

उन्हात तापलेल्या वॉर्निशचा वास आला की नव्वदीतलं दुबईच्या पार्कमधलं लाकडी काऊबॉय गाव आठवतं. ऑफिसची पिकनिक होती. भारतात बाबा अत्यवस्थ असताना मॅनेजरने माझा पासपोर्ट अडवून ठेवला होता. "ईद के बाद जाना," म्हणाला. बाबा ईदेआधीच गेले. त्या पिकनिकला फोटोसाठी मॅनेजर हौसेने तिथल्या शेरीफच्या कोठडीत शिरला, तशी मी बाहेरून दारावरचंच कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. "यल्ला, जल्दी खोलो!" तो ओरडला. "मेरे बाबा भी राह देखते रहे, सर," मी म्हणाले. सगळा स्टाफ बघत उभा होता, पण कुणीही माझ्याकडे किल्ली मागितली नाही. घामाने निथळत तो "प्लीज" म्हणाला, तेव्हाच मी उघडलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली आणि पासपोर्ट हातात आला. त्याचं ते "प्लीज" आठवलं की मला अजूनही गार वाटतं.