परक्या राजाची सुट्टी

दहावीतल्या माझ्या मुलीला शाळेतल्या डिबेटसाठी विषय मिळाला होता: ऑस्ट्रेलियात राजाच्या वाढदिवसाची सुट्टी आज हवी कशाला? राजा राहतो लंडनला, सुट्टी घेतात सिडनीत. विषय इतका लांबचा, की आम्ही दोघं नवराबायको निर्धास्त होतो.

आदल्या संध्याकाळी तिने भाषण वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद आला आणि माझा घास हातातच राहिला. इथे आखातात राजघराण्यात कुणी वारलं तेव्हा दुखवट्याची सुट्टी जाहीर झाली होती. ऑफिस बंद, पण जबल अली बंदरातलं आमच्या कंपनीचं गोदाम चालू होतं. एक कंटेनर अडकला म्हणून मी तासाभरासाठी गेलो होतो, मुलगी गाडीत बसून होती. कंपनीच्या बसमधून उतरणारे कामगार तिने पाहिले होते. तिने लिहिलं होतं, दुःख सगळ्यांचं असेल तर सुट्टी फक्त ऑफिसवाल्यांना का?

"हे काढून टाक," मी म्हणालो.

"बट इट्स ट्रू, बाबा."

"खरं-खोटं मी विचारलंच नाही. काढ. खलास."

"यू साइन्ड देअर ड्युटी शीट." त्या दिवशी कामावर कोण यायचं, त्या यादीवर माझीच सही होती.

बायकोने उठून बाल्कनीचं दार लावलं. अकराव्या मजल्यावर ऐकणार कोण होतं? पण ते दार लागल्यावरच मला पुढे बोलता आलं. "आपला व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. तुझी शाळा, हे घर, सगळं त्यावरच. राजघराण्याबद्दल स्टेजवरून बोलायचं नसतं इथे."

"सो यू अॅग्री. यू आर जस्ट स्केअर्ड."

मी कागद तिच्या हातातून ओढला. तो फाटला. ती रडली नाही, खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊद मेथा भागातल्या तिच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ती काय करणार, आम्हाला ठाऊक नव्हतं. हातात कागद नव्हता. सिडनी झालं, लंडन झालं, मग ती थांबली आणि थेट माझ्याकडे पाहू लागली. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. मी मान हलवली, नको म्हणून.

"थँक यू," म्हणत ती खाली उतरली. दोन मिनिटं शिल्लक होती. परीक्षक म्हणाले, मुद्दा चांगला होता, पण शेवट अर्धवट राहिला.

घरी येताना गाडीत तिने एकच विचारलं, "डिड दे गेट अनदर डे?"

"नाही," मी म्हणालो. कामगारांना बदली सुट्टी मिळाली का, हे इतक्या महिन्यांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी मी मॅनेजरकडे त्या दिवशी राबलेल्या बावीस कामगारांच्या बदली सुट्टीचा अर्ज नेला. "आता कशाला उकरून काढतोस? दुखवटा कधीच संपला," तो म्हणाला. मी समोरून हललो नाही. ड्युटी शीटवर माझी सही होती, तीच त्याला दाखवली. "इन्शाल्ला, बघू," म्हणून त्याने अर्ज ठेवून घेतला. पुढचे तीन आठवडे त्याचा फोन आला की मी आधी दार लावून घ्यायचो, मगच उचलायचो.

शेवटी सुट्टी मंजूर झाली, एका गुरुवारची. पण बावीसपैकी तिघं तोवर कायमचे गावी परतले होते. मुलीला सांगितलं, तेव्हा तिने आधी त्या तिघांचीच चौकशी केली.